शहाण्याने कोर्टाची पायरी चढावी का?

मंडळी, 'शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये' ही म्हण आपल्यापैकी बहुतेकांनी आजोबांच्या तोंडून ऐकलेली असणार. बांधाचे, विहिरीच्या पाण्याचे, भाऊबंदकीचे खटले तीन-तीन पिढ्या चालवून, निम्मं शेत वकिलाच्या घशात घालून जे शहाणपण आलं, त्याचं सार या म्हणीत आहे. आपण सातासमुद्रापार आलो तेव्हा लोणच्याच्या बरणीबरोबर ही म्हणही बॅगेत घालून आणली. त्यामुळे सरकारी पत्र आलं की आपल्या मनात पहिला विचार येतो तो असा, "कशाला भानगडीत पडायचं? सांगतील तसं करू, नाहीतर गपगुमान परत जाऊ."

या लेखात मला या म्हणीची परीक्षा घ्यायची आहे, आणि तीही एकाच प्रश्नावर. परदेशातून शिकायला आलेल्या मुलाचा व्हिसा किंवा इथे राहण्याचा दर्जा सरकारने रद्द केला, तर त्याने दाद कुठे मागायची? मी वकील नाही आणि इतिहासाचा प्राध्यापकही नाही. माझं आयुष्य गाड्यांच्या कारखान्यांना सुटे भाग पुरवण्याच्या धंद्यात गेलं. पण मी स्वतः १९८७ साली एफ-१ वर इथे आलो आणि गेली बरीच वर्षं नोव्हायमध्ये राहतो. या प्रश्नाची दोन ठळक प्रकरणं आपल्या या गावाच्या उंबरठ्यावर घडली. एक हॅगर्टी रोड ओलांडला की सुरू होणाऱ्या फार्मिंग्टन हिल्समध्ये, २०१९ साली. दुसरं डेट्रॉईटच्या फेडरल कोर्टात, २०२५ साली. पहिल्यात बहुसंख्य मुलं मुकाट्याने परत गेली. दुसऱ्यात चार मुलांनी कोर्टाची पायरी चढली. या दोन्हींमधला फरक समजायचा तर थोडं मागे जायला हवं.

तिकीट आणि खुर्ची

आधी एक गोंधळ दूर करू. 'व्हिसा' आणि 'स्टेटस' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे इथे वीस वर्षं काढलेल्या लोकांनाही कधीकधी नीट ठाऊक नसतं. बालगंधर्वला नाटकाला गेलो की दारावरचा माणूस तिकीट बघतो आणि आत सोडतो. व्हिसा म्हणजे ते तिकीट. मुंबईच्या अमेरिकन वकिलातीने पासपोर्टवर चिकटवलेलं, दारापर्यंत नेणारं. एकदा आत शिरून आपण खुर्चीवर बसलो की नाटक संपेपर्यंत बसायचा हक्क म्हणजे स्टेटस. विद्यार्थ्याच्या बाबतीत तो हक्क आय-२० आणि आय-९४ या कागदांवर आणि सरकारी संगणकातल्या नोंदीवर उभा असतो. म्हणूनच व्हिसाची मुदत संपली तरी अभ्यासक्रम चालू असलेला मुलगा इथे कायदेशीरपणे राहू शकतो. बाहेर जाऊन परत यायचं असेल तरच त्याला नवं तिकीट लागतं.

रद्द करण्याची सरकारची सत्ता या दोन्हींवर आहे, पण दाद मागण्याचे रस्ते वेगळे आहेत. व्हिसा देणं आणि काढून घेणं हा परराष्ट्र खात्याचा जवळजवळ अनिर्बंध अधिकार. १९५२ च्या इमिग्रेशन कायद्यानुसार दिलेला व्हिसा केव्हाही, आपल्या मर्जीने रद्द करता येतो. २००४ साली संसदेने त्यात आणखी एक कुलूप घातलं. व्हिसा रद्द केल्याच्या निर्णयाची कोर्टाने तपासणी करायची नाही. अपवाद एकच. फक्त त्याच कारणावरून माणसाला देशाबाहेर काढण्याचा खटला चालला, तर त्या खटल्यात तो मुद्दा निघू शकतो. थोडक्यात, ज्या खिडकीवर व्हिसा रद्द होतो त्या खिडकीवर अपील नाही. नवा अर्ज करा, नवी फी भरा, नव्याने रांगेत उभे राहा.

स्टेटसचं तसं नाही. तिथे कायद्याला धरून चालावं लागतं आणि तिथेच झगडायला थोडी जागा आहे. ही जागा कुणी फुकट दिलेली नाही. ती एकेका माणसाने भांडून मिळवलेली आहे.

आनंदीबाईंना व्हिसा लागला नव्हता

आनंदीबाई जोशी १८८३ साली न्यूयॉर्क बंदरात उतरल्या तेव्हा त्यांच्याजवळ व्हिसा नव्हता, कारण अमेरिकेत येण्यासाठी तो लागतच नव्हता. पेनसिल्व्हेनियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजातून १८८६ मध्ये त्या डॉक्टर झाल्या. १९१३ साली बडोद्याच्या सयाजीराव महाराजांची शिष्यवृत्ती घेऊन बाबासाहेब आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात आले, तेव्हाही आजच्यासारखा स्टुडंट व्हिसा अस्तित्वात नव्हता.

१९१७ साली अमेरिकेने आशियाचा मोठा भाग 'प्रवेशबंद' केला आणि त्यात हिंदुस्थान होता. विद्यार्थ्यांना मात्र त्यातून सूट होती. महायुद्धाच्या काळात सुरू झालेली व्हिसाची पद्धत १९२४ च्या कायद्याने कायमची झाली. याच कायद्यात विद्यार्थ्यांची वेगळी वर्गवारी आली आणि कॉलेजांवर एक जबाबदारीही आली. परदेशी विद्यार्थ्याने शिक्षण सोडलं की कॉलेजाने सरकारला कळवायचं, नाहीतर कॉलेजाची मान्यता जाईल. म्हणजे 'टर्मिनेशन' कळवण्याची ही प्रथा शंभर वर्षांची आहे. फक्त तेव्हा ते पोस्टाने कळवत.

त्याच सुमारास आपल्या लोकांपैकी एकाने दाखवून दिलं की दिलेला कागद सरकारला वाटेल तेव्हा काढून घेता येत नाही. त्यांचं नाव सखाराम गणेश पंडित. जन्म अहमदाबादचा, तेव्हाच्या मुंबई इलाख्यातला. ते अमेरिकेत आले, १९१४ साली नागरिक झाले आणि पुढे कॅलिफोर्नियात वकिली करू लागले. भगतसिंग थिंड यांच्या प्रसिद्ध खटल्यात सुप्रीम कोर्टात बाजू मांडली ती याच पंडितांनी. फेब्रुवारी १९२३ मध्ये तो खटला हरला. कोर्टाने ठरवलं की हिंदुस्थानी माणूस कायद्याच्या अर्थाने 'गोरा' नाही, म्हणून तो नागरिक होऊ शकत नाही. मग सरकारने आधी दिलेली नागरिकत्वंही रद्द करण्याचा सपाटा लावला, आणि पंडितांवरच नोटीस आली.

पंडितांनी कोर्टात सांगितलं की तुम्ही सगळी माहिती घेऊन, रीतसर सुनावणी करून मला नागरिकत्व दिलंत. मी त्या विश्वासावर वकिली उभी केली, घर केलं, लग्न केलं. आता इतक्या वर्षांनी तोच निर्णय तुम्ही उलटवू शकत नाही. १९२६ मध्ये नवव्या सर्किटच्या अपील कोर्टाने त्यांच्या बाजूने निकाल दिला आणि १९२७ मध्ये सुप्रीम कोर्टाने सरकारची बाजू ऐकायला नकार दिला. हा खटला विद्यार्थ्याचा नव्हता. पण 'तुमच्या शब्दावर विसंबून मी आयुष्य उभं केलं' हा त्यातला मुद्दा पुढच्या प्रत्येक खटल्यात कुठल्या ना कुठल्या रूपात परत येतो.

हरलेला खटलाही सांगायला हवा

एकतर्फी गोष्ट सांगणं बरं नव्हे. नोव्हेंबर १९७९ मध्ये तेहरानच्या अमेरिकन वकिलातीतल्या लोकांना ओलीस धरलं गेलं आणि अध्यक्ष कार्टर यांच्या सरकारने अमेरिकेतल्या सगळ्या इराणी विद्यार्थ्यांना महिनाभरात इमिग्रेशन कचेरीत हजर राहून कागद दाखवण्याचा हुकूम काढला. विद्यार्थी वॉशिंग्टनच्या कोर्टात गेले. ११ डिसेंबरला जिल्हा न्यायालयाने हुकूम घटनाबाह्य ठरवला आणि २७ डिसेंबरला वरच्या कोर्टाने तो निकाल फिरवला. परराष्ट्र धोरणाचा प्रश्न आला की कोर्ट हात आखडता घेतं, हा त्यातला धडा. सोळा दिवसांत जिंकून हरलेला हा खटला 'कोर्टात गेलं की झालं' असं समजणाऱ्यांनी लक्षात ठेवावा.

मी आलो त्या काळात आय-२० हा टाईप केलेला कागद होता. विद्यापीठातल्या परदेशी विद्यार्थ्यांच्या सल्लागार बाई पत्र्याच्या कपाटातून फाईल काढून त्यावर सही करत. वॉशिंग्टनला आमची नोंद कुठे असेल तर ती कुठल्या तरी गोदामात. यात गलथानपणा होता, पण एका बोटाने कुणाचं आयुष्य पुसण्याची सोय नव्हती.

ती सोय २००१ च्या सप्टेंबरनंतर आली. संगणकावर विद्यार्थ्यांची नोंद ठेवण्याचा आदेश १९९६ च्या कायद्यातच होता, पण काम रेंगाळलं होतं. मग ११ मार्च २००२ रोजी, हल्ल्याला बरोबर सहा महिने झाले त्या दिवशी, फ्लोरिडातल्या एका विमानशाळेला सरकारी पत्रं पोहोचली. दोन हल्लेखोरांना विद्यार्थी म्हणून मंजुरी दिल्याचं त्यांत लिहिलं होतं! देशभर नाचक्की झाली आणि कामाला वेग आला. 'सेव्हिस' ही संगणक यंत्रणा २००३ साली सगळ्या कॉलेजांना सक्तीची झाली. तेव्हापासून प्रत्येक एफ-१ विद्यार्थ्याचा पत्ता, अभ्यासक्रम, नोकरीची परवानगी, सगळं त्या एका नोंदीत आहे. नोंद 'ॲक्टिव्ह' असेल तर मुलगा कायदेशीर. 'टर्मिनेटेड' झाली की त्याच दिवशी शिक्षण आणि काम दोन्ही धोक्यात.

हॅगर्टी रोडच्या पलीकडचं विद्यापीठ

आता आपल्या शेजारचं प्रकरण. फार्मिंग्टन हिल्समध्ये नॉर्थवेस्टर्न हायवेवरच्या एका ऑफिस इमारतीत 'युनिव्हर्सिटी ऑफ फार्मिंग्टन' नावाचं विद्यापीठ होतं. वेबसाईट होती, बोधचिन्ह होतं, लॅटिन ब्रीदवाक्य होतं. सरकारमान्य शाळांच्या अधिकृत यादीत नाव होतं आणि मान्यता देणाऱ्या एका राष्ट्रीय संस्थेच्या यादीतही होतं. नव्हते ते वर्ग आणि शिक्षक. कारण २०१५ पासून हे विद्यापीठ होमलँड सिक्युरिटी खात्याचे वेषांतर केलेले अधिकारी चालवत होते.

३० जानेवारी २०१९ रोजी पडदा वर गेला. विद्यार्थी भरती करून दलाली खाणाऱ्या आठजणांवर गुन्हे दाखल झाले आणि देशभर विद्यार्थ्यांची धरपकड झाली. एकूण सहाशेच्या वर विद्यार्थी नोंदले गेले होते. पहिल्या झटक्यात पकडलेल्या १३० पैकी १२९ भारतीय होते. त्यांत तेलुगू मुलं सर्वांत जास्त. वॉशिंग्टनच्या भारतीय वकिलातीने चोवीस तासांची हेल्पलाईन उघडली आणि २ फेब्रुवारीला दिल्लीत परराष्ट्र मंत्रालयाने अमेरिकन दूतावासाला रीतसर निषेधपत्र दिलं.

सरकारचं म्हणणं होतं की या मुलांना वर्ग नाहीत हे ठाऊक होतं, फक्त काम करत राहण्यासाठी ती तिमाहीला अडीच हजार डॉलर भरत होती. त्यात काहींच्या बाबतीत तथ्य असेलही. बरीच मुलं आधीच खरं एम.एस. करून बसलेली होती, एच-१बी च्या लॉटरीत नंबर लागत नव्हता, आणि शिकताशिकता काम करण्याची परवानगी देणारी अशी विद्यापीठं हा त्यांचा आधार होता. विद्यार्थ्यांच्या वकिलांचं म्हणणं होतं की सरकारनेच आपल्या यादीत विद्यापीठ खरं म्हणून छापलं, तर विद्यार्थ्याने आणखी कुठे चौकशी करायची?

नोव्हेंबर २०१९ पर्यंत पकडलेल्यांची संख्या अडीचशेच्या घरात गेली. सरकारनेच दिलेल्या माहितीनुसार त्यांतल्या जवळजवळ ८० टक्के मुलांनी 'स्वेच्छेने' देश सोडला. स्वेच्छेने म्हणजे काय, तर स्वतःच्या खर्चाने, ठरलेल्या तारखेच्या आत. त्याचा फायदा इतकाच की हकालपट्टीचा हुकूम नावावर लागत नाही आणि त्यापायी येणारी अनेक वर्षांची बंदी टळते. तोटा असा, की आपली बाजू कुणीही ऐकलेली नसते. इमिग्रेशन कोर्टात सरकार वकील देत नाही, तो आपल्या खिशातून करावा लागतो. कर्ज काढून आलेल्या, अटकेत बसलेल्या चोवीस वर्षांच्या मुलाने दुसरं काय करायचं? त्यांना मी दोष देत नाही.

मला खुपलं ते आपलं बोलणं. त्या महिन्यात टाफ्ट रोडच्या व्यंकटेश्वर मंदिरात, पॉटलकमध्ये, हळदीकुंकवाला, जिथे जावं तिथे एकच सूर होता, "मुलांना माहीत असणारच. आपलं नाव खराब केलं." अमेरिकन तेलुगू असोसिएशनची माणसं मात्र वकील गाठून मुलांना सल्ला मिळवून देत होती. हा फरक मी विसरलेलो नाही.

पायरी चढलेली मुलं

अशी सापळा-विद्यापीठं आधीही झाली होती. न्यू जर्सीत क्रॅनफर्डला २०१३ साली सरकारने असंच एक काढलं होतं. एप्रिल २०१६ मध्ये ते उघड झालं तेव्हा २१ दलाल पकडले गेले आणि १,०७६ विद्यार्थ्यांच्या नोंदी संकटात आल्या. (कॅलिफोर्नियातलं ट्राय-व्हॅली प्रकरण वेगळं. ते खाजगी मालकिणीने काढलेलं बनावट विद्यापीठ होतं. जानेवारी २०११ मध्ये ते बंद पडलं आणि आपल्या मुलांच्या पायात रेडिओ-पट्टे बांधलेले फोटो तेव्हा भारतात घरोघरी पोहोचले.)

न्यू जर्सीच्या मुलांपैकी काही मुकाट्याने गेली नाहीत. त्यांनी फेडरल कोर्टात दावा लावला की आम्हाला न विचारता, न ऐकता नोंद रद्द केलीत. सरकारने उत्तर दिलं की हा अजून अंतिम निर्णयच नाही, कोर्टाने यात पडू नये. खालच्या कोर्टाने सरकारचं मानलं. मुलं वरच्या कोर्टात गेली. ऑगस्ट २०१९ मध्ये तिसऱ्या सर्किटच्या अपील कोर्टाने सांगितलं की सेव्हिसमधली नोंद रद्द करणं हा अंतिम निर्णयच आहे. विद्यार्थ्याला तो कुठल्याही इमिग्रेशन न्यायाधीशापुढे उलटवता येत नाही, म्हणून फेडरल कोर्टाने तो तपासलाच पाहिजे. निकाल लागला तेव्हा या मुलांची तीन-साडेतीन वर्षं गेलेली होती. पण त्यांनी बांधलेल्या या पायरीवर सहा वर्षांनी हजारो मुलं उभी राहिली.

फार्मिंग्टनच्या बाबतीतही एकाने हार मानली नाही. 'मी फी भरली, तुम्ही शिक्षण दिलं नाही, हा करारभंग आहे,' असा साधा व्यवहारी दावा त्याने सगळ्या विद्यार्थ्यांच्या वतीने सरकारवर लावला. २०२२ मध्ये तो फेटाळला गेला. २५ जून २०२४ रोजी फेडरल सर्किटच्या अपील कोर्टाने तो निकाल रद्द केला आणि दावा चालू शकतो असं ठरवलं.

एप्रिल २०२५

मार्चच्या अखेरीपासून देशभरच्या विद्यापीठांतल्या इंटरनॅशनल ऑफिसांना सेव्हिसमध्ये अचानक 'टर्मिनेटेड' झालेल्या नोंदी दिसू लागल्या. विद्यापीठांनी काही केलेलं नव्हतं. कारण म्हणून एक मोघम ओळ होती. त्याचा मतलब असा की गुन्हेगारीच्या नोंदी तपासताना नाव आलं किंवा व्हिसा रद्द झाला आहे.

नंतर कोर्टात सरकारी अधिकाऱ्यांनी काय केलं ते सांगितलं. सुमारे १३ लाख विद्यार्थ्यांची नावं एफबीआयच्या गुन्हे-नोंदींच्या संगणकातून फिरवली गेली. सुमारे ६,४०० नावं जुळली. त्यांतून हजारो नोंदी रद्द झाल्या. यात शिक्षा झालेले होते, तसेच ज्यांच्यावरचे आरोप कधीच मागे घेतले गेले तेही होते. बेदरकार गाडी चालवल्याचा, पुढे काढून टाकलेला जुना आरोप असलेला टेक्सासमधला एक भारतीय विद्यार्थीही त्यात सापडला. वास्तविक सरकारच्या स्वतःच्या नियमाप्रमाणे गुन्ह्यामुळे स्टेटस जायला हिंसक गुन्ह्यात दोषी ठरावं लागतं आणि त्या गुन्ह्याला एक वर्षाहून जास्त शिक्षेची तरतूद असावी लागते. वेगाच्या तिकिटाने ते जात नाही. इमिग्रेशन वकिलांच्या संघटनेने त्या काळात गोळा केलेल्या ३२७ प्रकरणांत निम्मी मुलं भारतीय होती.

मिशिगनमध्ये १० एप्रिलला चार विद्यार्थ्यांनी डेट्रॉईटच्या फेडरल कोर्टात दावा लावला. एक भारतीय, एक नेपाळी, दोन चिनी. वेन स्टेट आणि ॲन आर्बरचं मिशिगन विद्यापीठ, या दोन ठिकाणची मुलं. मिशिगनच्या एसीएलयू या नागरी हक्क संघटनेचे वकील त्यांच्या बाजूला होते. १७ एप्रिलला न्यायाधीशांनी तातडीचा मनाई हुकूम द्यायला नकार दिला. आजोबा असते तर म्हणाले असते, "बघा, सांगत होतो की नाही!"

पण गोष्ट तिथे संपत नाही. ९ एप्रिलला न्यू हॅम्पशरच्या कोर्टाने डार्टमथच्या एका विद्यार्थ्याला संरक्षण दिलं होतं. १५ एप्रिलला विस्कॉन्सिनच्या कोर्टाने दिलं. १८ एप्रिलला जॉर्जियात एकाच खटल्यात १३३ विद्यार्थ्यांना मिळालं. बघता बघता देशभरात शंभराहून अधिक दावे उभे राहिले. सरकारी वकील प्रत्येक ठिकाणी सांगत होते की सेव्हिस हा नुसता डेटाबेस आहे, नोंद गेली म्हणजे स्टेटस गेलं असं नाही. मग मुलांना वर्गात बसायला आणि कामावर जायला मनाई का, असं न्यायाधीशांनी विचारलं की नीट उत्तर येत नव्हतं. शेवटी २५ एप्रिलला सरकारने कोर्टात जाहीर केलं की या नोंदी पूर्ववत करत आहोत. २२ मे रोजी ओकलंडच्या न्यायाधीशांनी देशभर लागू होणारा मनाई हुकूमही दिला.

यातून मला दिसतं ते असं. डेट्रॉईटची मुलं १७ तारखेला हरली, तरी आठ दिवसांत सरकार हटलं, कारण दुसऱ्या राज्यांतली, एकमेकांना न ओळखणारी मुलंही पायरी चढली होती. एकट्याचा खटला हा नशिबाचा भाग असतो. शंभर खटले आले की सरकारला आपल्या हिशेबाची वही उघडावी लागते.

विजय पुरा नव्हता, हेही सांगतो. संगणकातली नोंद परत आली, पण रद्द झालेला व्हिसा परत आला नाही. पहिल्याच आठवड्यात घाबरून विमानात बसलेल्या मुलांना परत यायला नवं तिकीट काढावं लागणार होतं, आणि त्या खिडकीवर अपील नाही हे आपण वर पाहिलंच. शिवाय एप्रिलच्या अखेरीस सरकारने नवं धोरण लिहून काढलं, ज्यात व्हिसा रद्द होणं हेच नोंद रद्द करण्याचं एक कारण ठरवलं. ऑगस्ट २०२५ मध्ये विद्यार्थ्यांना शिक्षण संपेपर्यंत राहू देण्याऐवजी जास्तीत जास्त चार वर्षांची ठराविक मुदत देण्याचा प्रस्तावही आला.

हे आपल्या घरातलं आहे

कुणी म्हणेल, हा नव्याने आलेल्या मुलांचा प्रश्न, आपल्याला काय त्याचं? नोव्हायमध्ये तरी असं म्हणता येणार नाही. आपल्या मंडळातली किती कुटुंबं एच-१बी वर ग्रीन कार्डची वाट बघत आहेत! त्यांची मुलं एच-४ वर इथे येतात, नोव्हाय हायस्कूलला जातात, गणेशोत्सवात ढोल वाजवतात आणि एकविसाव्या वर्षी कायद्याच्या दृष्टीने आई-बापांपासून सुटी होतात. मग त्यांना एफ-१ घ्यावा लागतो. ज्या मुलाने सगळं शिक्षण इथे घेतलं, तो त्या दिवसापासून 'परदेशी विद्यार्थी'. २०२४-२५ साली अमेरिकेत ३,६३,०१९ भारतीय विद्यार्थी होते, कुठल्याही देशापेक्षा जास्त. त्यांत अशी आपल्या समोर वाढलेली मुलंही आहेत.

म्हणून काही साध्या गोष्टी. प्रत्येक आय-२०, प्रत्येक आय-९४, कोर्टात भरलेल्या दंडाची पावती आणि आरोप काढून टाकल्याचा कागद, सगळं घरात एका फाईलीत ठेवावं. ट्रॅफिकचा गुन्हा 'मिटला' म्हणून कागद फेकू नये. पत्र किंवा ई-मेल आला की आधी काय रद्द झालं ते बघावं, तिकीट की खुर्ची. घाईने विमानाचं तिकीट काढू नये. इंटरनॅशनल ऑफिसला आणि इमिग्रेशनच्या वकिलाला त्याच दिवशी गाठावं. स्टेटस परत मिळवण्यासाठी आय-५३९ हा अर्ज असतो. तो साधारणपणे पाच महिन्यांच्या आत करायचा असतो आणि तो नाकारला तर अपील नाही. म्हणून तो करायचा की कोर्टात जायचं, हे वकिलालाच ठरवू द्यावं.

आणि मंडळाने एक करावं. आपल्याकडे ढोल-ताशाची समिती आहे, नाटकाची आहे, दिवाळी फराळाची आहे. दोन-चार भरवशाच्या वकिलांची नावं, तातडीसाठी थोडा निधी आणि रात्री फोन उचलणारी दोन माणसं, एवढी आणखी एक समिती असावी. २०१९ साली जी मुलं एकटी पडली, त्यांच्यापाशी पैसे नव्हते हे खरं. त्याहून जास्त, त्यांच्यापाशी 'थांब, आधी बोलू' म्हणणारं कुणी नव्हतं.

आजोबांची म्हण भाऊबंदकीसाठी बरोबर होती. दोन भाऊ कोर्टात गेले तर वकील जेवतो. पण इथे समोर भाऊ नाही, सरकार आहे, आणि ज्या खिडकीवर कागद रद्द झाला ती खिडकी बंद आहे. सखाराम पंडितांपासून ते डेट्रॉईटच्या चार मुलांपर्यंत ज्यांना कागद परत मिळाला, त्यांना तो कोर्टाच्याच दारातून मिळाला. या बाबतीत शहाण्याने पायरी चढावी. एकट्याने नव्हे, चार माणसं बरोबर घेऊन.

सर्व वाचकांना आणि विशेषतः यंदा घरापासून दूर पहिली दिवाळी साजरी करणाऱ्या विद्यार्थ्यांना दीपावलीच्या मनःपूर्वक शुभेच्छा. फराळाला जरूर या.